माहेरचं पाणी

इच्छापोरच्या नाक्यावर सकाळी साडेसहाला येऊन उभे राहा. हजिऱ्याकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसेस एकामागून एक थांबतात, माणसं उचलतात आणि निघतात. कुणी कृभकोत जाणार, कुणी ओएनजीसीत, कुणी लार्सन अँड टुब्रोच्या शेडमध्ये, कुणी पोलादाच्या कारखान्यात. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा, डोळ्यांत अपुरी झोप. टपरीवरचा चहा घेत नुसतं ऐकत राहिलात तर गुजराती ऐकू येते, ओडिया येते, भोजपुरी येते आणि मध्येच पाठीमागून कुणीतरी कुणाला विचारतं, "कसा शेस, भो?"

खानदेशची अहिराणी. तुम्ही वळून बघता.

हा माणूस सुरतेच्या पश्चिमेला, समुद्राच्या इतक्या जवळ कसा आला, याचं उत्तर तुमच्या आसपासच आहे. मुलताईला उगवलेली तापी बुऱ्हाणपूर, भुसावळ, प्रकाशा अशी सारा खानदेश ओलांडून 724 किलोमीटर चालत इथं समुद्राला मिळते. विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरतेहून अमळनेरकडे निघालेली तापी खोऱ्यातली रेल्वे पुढे जळगावला पोचली. आणि हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग 53, जुन्या लोकांच्या तोंडचा सहा नंबर, नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल करत जळगाव-भुसावळला जातो. नदी, रूळ आणि डांबर, तिन्ही वाटांनी खानदेश सुरतेत उतरला. उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात त्यानं संसार मांडले. काही कुटुंबं कारखान्यांच्या मागोमाग पार इथवर आली.

आज एक प्रश्न बरोबर घ्या. परक्या मुलखातलं गाव माणसाचं कधी होतं? चहाचा पेला खाली ठेवा आणि माझ्याबरोबर मागं चला.

7 ऑगस्ट 2006

तुम्ही पंचविशीतली बाई आहात. माहेर प्रकाशाचं, तापीच्या काठचं. नवरा हजिऱ्यात कंत्राटी कामगार. इच्छापोरात तळमजल्याची एक खोली भाड्यानं घेतली आहे, मूल दोन वर्षांचं आहे. श्रावणातला सोमवार. खानदेशात कानबाईचे दिवस आहेत. पुरुषामागं मुठी मोजून गहू दळायचे, रोट करायचे, नारळाला डोळे आणि नथ लावून देवी सजवायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी मिरवत नेऊन नदीत सोडायची. बाराही महिने एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊबंद त्या दिवशी एका चुलीशी बसतात. परवा बुधवारी राखी आहे. भाऊ नंदुरबारहून यायचा आहे.

पाऊस मात्र इथं नाही, वर आहे. तुमच्या माहेरच्या रानांवर, सातपुड्याच्या उतारांवर, त्याच्याही वर मध्य प्रदेशात तो दिवसेंदिवस कोसळतो आहे. ते सगळं पाणी उकाईच्या धरणात येतं आहे. सुरतेपासून शंभरेक किलोमीटर वर असलेल्या त्या धरणाची पूर्ण पातळी 345 फूट. पोट आधीच भरत आलेलं असताना एवढा लोंढा आला, की दरवाजे उघडण्यावाचून इलाज उरला नाही. विसर्ग वाढत वाढत सेकंदाला सुमारे 9 लाख घनफुटांवर गेला. एवढं पाणी वाहून न्यायची ताकद सुरतेजवळच्या तापीत नाही. त्यातच पौर्णिमा आली आहे. पौर्णिमेला समुद्राची भरती मोठी असते आणि ती नदीला बाहेर पडू देत नाही. ज्या चंद्राच्या हिशेबानं राखी बांधायची, त्याच चंद्रानं खाडीचं तोंड अडवलं आहे.

पहिल्यांदा मोरीतून उलटं पाणी येतं. मग उंबऱ्यावरून. तुम्ही गव्हाचा डबा खाटेवर ठेवता, खाट भिजल्यावर फळीवर. बाहेर कुणीतरी ओरडतं, "पानी उनं! पानी उनं!" जिन्यावरून घरमालकीण हाक मारते, "बेन, छोकराने लईने उपर आवी जाव." भाड्यावरून, नळाच्या पाण्यावरून वर्षभर तुमचं तिच्याशी बिनसलेलं. तुम्ही मूल घेऊन वर जाता.

गच्चीवर पाच कुटुंबं. वीज नाही. शेजारी कवासच्या वीजकेंद्रातही पाणी शिरलं आहे. हजिऱ्याचे कारखाने थंडावले आहेत. पूर्वेला सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली. चारी बाजूंना पाणीच पाणी आणि प्यायला एक हंडा. घरमालकीण तो मोजून वाटते. पहिला घोट तुमच्या मुलाला देते, मग आपल्या नातवाला. राखीचा दिवस तसाच जातो. दोन्ही घरच्या राख्या खाली, पाण्यात.

चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी उतरतं आणि खरं दुःख त्यानंतर दिसायला लागतं. चिखल गुडघाभर, त्याचा वास महिनाभर जाणार नाही असा. तुम्ही मनाशी ठरवलेलं आहे: बास झालं, प्रकाशाला परत जायचं. बोचकं बांधायला गहू नाही, कपडे नाहीत, भांडी तेवढी आहेत. तेवढ्यात अंगणात घरमालकीण बसलेली दिसते. मांडीवर फोटोंचा अल्बम. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लग्नातले त्याचे फोटो तेवढे होते. पानं एकमेकांना चिकटली आहेत आणि ती ओढते आहे तसतसा त्याचा चेहरा कागदावरून सुटून येतो आहे. तुम्ही तिच्या हातातून अल्बम काढून घेता. स्वच्छ पाण्याची परात आणता. दोघी मिळून एकेक पान भिजवत, नखानं अलगद सोडवत दुपार काढता. बहुतेक फोटो जातात. दोन वाचतात.

भाऊ पोचतो तो ट्रकमधून, पिठाची पोती घेऊन. फावडं उचलतो आणि न बोलता खोलीतला चिखल ओढायला लागतो. बऱ्याच वेळानं म्हणतो, "पानी तं आपलंच व्हतं, ताई." त्याचं खरं आहे. माहेरच्या आभाळातून पडलेलं पाणी सासरच्या उंबऱ्यातून आत आलं होतं. तुम्ही त्याला सांगता, आम्ही इथंच राहतो. का, ते तुम्हाला नीट सांगता येत नाही. वर दोन फोटो दोरीवर वाळत आहेत, त्यांच्याशी त्याचं काहीतरी नातं आहे एवढं कळतं.

सप्टेंबर 1994

आणखी बारा वर्षं मागं. आता तुम्ही अमळनेरकडचे विशीतले पोर आहात, उधन्यात यंत्रमागावर कामाला. बारा-बारा तासांची पाळी. मागांचा खडखडाट एवढा, की शेजारच्याशी हातवाऱ्यांनीच बोलायचं. हा शेजारचा ओडिशातल्या गंजामचा. तुमची भाषा त्याला येत नाही, त्याची तुम्हाला येत नाही. मोडकी हिंदी दोघांची आणि स्टोव्ह एकच.

गणपती बोळवून काहीच दिवस झाले आहेत आणि शहरात एक शब्द पसरतो: प्लेग. वेड रोडच्या बाजूला माणसं पटापट दगावताहेत, अशी बातमी. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपतात. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं स्टेशनाकडे धावताहेत. दवाखान्यांच्या दारांना कुलपं लागली आहेत. थोड्याच दिवसांत लाखो लोक सुरत सोडून गेले. तुम्हीही तापी लाइनच्या गाडीला लोंबकळता. गंजाम दोन दिवसांच्या वाटेवर, तिकिटाला पैसे नाहीत, म्हणून तुमचा सोबती मागं राहतो. फलाटावर तो तुमचा हात सोडतो आणि तुम्ही मागं वळून बघत नाही, कारण बघवत नाही.

गावात आई ओट्यावरच ताट वाढते. शेजारी लांबून विचारपूस करतात. आपल्याच गल्लीत आपण परके झालो, हे तुम्ही पहिल्यांदा अनुभवता. रात्री झोप येत नाही तेव्हा आठवतो तो मागांचा खडखडाट आणि त्या माणसाचे हातवारे.

ऑक्टोबरात तुम्ही परत येता. आई विचारते, कशाला जातोस? तुम्ही पगाराचं कारण सांगता. पण गाडीतून उतरल्यावर तुम्ही कारखान्याच्या आधी खोलीकडे जाता. दार उघडं आहे. तो स्टोव्हसमोर बसला आहे. वाळला आहे, पण आहे. तुमचाही भात त्यानं टाकला आहे का, हे विचारायची गरज पडत नाही, कारण तो उठून पातेल्यात आणखी तांदूळ धुतो.

पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त होऊन आले आणि हे शहर बदललं. कचरा रोज उचलला जाऊ लागला, झाडूवाले आणि अधिकारी सकाळीच रस्त्यावर दिसू लागले, घाण करणाऱ्या हॉटेलांना दंड होऊ लागला, मोठ्यांची अतिक्रमणंही पडली. काही वर्षांतच देशातल्या स्वच्छ शहरांत सुरतेचं नाव घेतलं जाऊ लागलं. या कामाचं श्रेय आयुक्तांना मिळालं आणि ते योग्यच होतं. पण भीती संपण्याआधी जे परत आले, ज्यांनी बंद माग पुन्हा चालू केले, त्यांच्याशिवाय स्वच्छ करायला शहर उरलं नसतं.

मागं जाताना उकाईपाशी क्षणभर थांबा. 1972 मध्ये हे धरण पुरं झालं. सुरतेला पुरापासून वाचवायचं, शेतीला पाणी आणि विजेला बळ द्यायचं, हे त्याचं काम. त्याच्या जलाशयात सुरत जिल्ह्यातली आणि आपल्या नवापूर तालुक्यातली आदिवासी गावं बुडाली. खालच्यांच्या घरांसाठी वरच्यांनी घरं सोडली, हे खाली राहणाऱ्यानं विसरू नये.

डिसेंबर 1907

आता तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमधला मांडव. तुम्ही पुण्याहून आलेले प्रतिनिधी आहात, टिळकांच्या बाजूचे. काँग्रेसचं हे अधिवेशन खरं तर नागपूरला व्हायचं होतं. तिथं जहालांचं बळ जास्त दिसलं म्हणून ते इथं आणलं गेलं. 26 तारखेचा दिवस गोंधळात जातो. 27 ला टिळक व्यासपीठावर जातात, अध्यक्ष रासबिहारी घोष त्यांना बोलू देत नाहीत, टिळक हटत नाहीत. एक पुणेरी जोडा हवेतून येतो. सुरेंद्रनाथ बॅनर्जींना आणि फिरोजशहा मेहतांना तो लागतो. खुर्च्या उडतात, पोलीस मांडव रिकामा करतात. काँग्रेस दुभंगली.

संध्याकाळी तुम्ही गाडी पकडून परत जाल. तुमचा वाद देशाचा होता आणि गरजेचा होता. पण ज्या सुरतकरांनी तुमच्यासाठी मांडव घातला, पाणी भरलं, पंगती वाढल्या, ते मोडक्या खुर्च्या गोळा करत असताना तुम्ही स्टेशनावर आहात. या शहरात येऊन गेलेल्या मराठी माणसांत तुमचं नाव आहे. या शहराच्या मराठी माणसांत नाही.

जानेवारी 1664

आता आणखी खोल. ही तारीख तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. चौथीच्या पुस्तकात तुम्ही घोडेस्वारांच्या बाजूला होता. आज तुमची जागा दुसरी आहे. तुम्ही तापीच्या उजव्या काठावरचे नावाडी आहात.

सहा तारखेला शिवाजी महाराजांची फौज सुरत लुटायला बुऱ्हाणपूर दरवाज्याशी येते. शहराचा मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आहे, शहराला नीट तटबंदीसुद्धा नाही. सकाळपासून तुम्ही होडी भरभरून माणसं अलीकडच्या काठाला आणता आहात. बाजूनं इंग्रजांचे खलाशी शहराकडे जाताना दिसतात. सुवाळीला नांगरलेल्या जहाजांवरून त्यांना वखारीच्या रक्षणासाठी बोलावलं आहे. तापीचं मुख वाळूनं भरलेलं, म्हणून मोठी जहाजं सुवाळीच्या खोल पाण्यात थांबतात आणि माल-माणसं याच पट्ट्यातून शहराकडे जातात.

तुमच्या होडीत एक बाई आहे. कडेवर मूल, पदरात बांधलेलं काहीतरी. काठाला लागल्यावरही ती उतरत नाही, मागं बघत बसते. तिचा सासरा घर सोडायला तयार झाला नाही. पूर्वेला धूर चढतो. तो दिवसरात्र तसाच राहतो.

तुम्हाला त्या धुराचं कारण माहीत आहे. शाहिस्तेखानाच्या फौजेनं पुण्याचा मुलूख तीन वर्षं तुडवला होता, शेतं उजाड केली होती, स्वराज्याची तिजोरी रिकामी झाली होती. मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून त्याची भरपाई होत होती. ते कारण आजही तुम्हाला पटतं आणि पटायला हवं. पण होडीतल्या बाईचं रडणंही तुमच्या इतिहासात असू द्या. इतिहासावर प्रेम असलं म्हणजे त्यातल्या दोन्ही काठांवर उभं राहता येतं.

लुटीच्या या चार दिवसांतली एक गोष्ट फ्रेंच प्रवासी बर्नियेनं नोंदवली आहे. शहरातले डचांचे एक दलाल त्याआधीच वारले होते. ते हयातीत फार दानशूर होते असं कळल्यावर शिवाजी महाराजांनी त्यांच्या घराला हात लावला नाही. कॅपुचिन पंथाचे फादर अँब्रोझ यांच्या घरालाही त्यांनी धक्का लावला नाही. लुटीच्या धामधुमीतसुद्धा कुणीतरी विचारलं, हे घर कुणाचं? आणि उत्तर मिळालं ते संपत्तीचं नव्हतं. गेलेला माणूस शेजाऱ्यांच्या मनात काय ठेवून गेला, त्यावर त्याचं घर वाचलं.

महाराजांसमोर इंग्रजांची वखार राखणाऱ्या जॉर्ज ऑक्सेंडनचा भाऊ ख्रिस्तोफर पाच वर्षांपूर्वीच या मातीत पुरला गेला होता. पुढे 1669 मध्ये जॉर्ज स्वतःही इथंच गेला आणि भावाच्याच थडग्यात त्याला जागा मिळाली. कतारगामच्या इंग्रजी कबरस्तानात घुमटाखालची ती दुमजली इमारत आजही उभी आहे. व्यापारासाठी आलेल्या माणसाचं या शहराशी सगळ्यात खरं नातं त्या थडग्याचं आहे.

डिसेंबर 1617

शेवटचा मुक्काम इच्छापोरच्या अगदी जवळ, सुवाळीच्या बाजूला. पाच वर्षांपूर्वी याच किनाऱ्यासमोर इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरवलं आणि त्यांच्या व्यापाराचं इथं बस्तान बसलं. दोन वर्षांपूर्वी जहांगिराच्या दरबाराला निघालेला इंग्रज राजदूत टॉमस रो इथंच उतरला होता. पण तुम्ही राजदूताबरोबर नाही, टॉम कोरियटबरोबर आहात. सॉमरसेटमधल्या ओडकॉम गावचा हा माणूस. अलेप्पोपासून अजमेरपर्यंत पायी आला. वाटेत भाषा शिकला. आग्र्याहून आईला लांबलचक पत्र लिहिलं. आणि सुरतेत देशबांधव भेटले, त्यांच्याबरोबर दारू प्याला, पोटाचं दुखणं बळावलं आणि तो गेला.

सुवाळीजवळ राजगरीत त्याची म्हणून दाखवली जाणारी कबर आहे. त्या कबरीपाशी उभे राहिलात की एकच गोष्ट मनात येते: ती आई. तिला बातमी कधी पोचली असेल, पत्राची वाट तिनं किती दिवस बघितली असेल. आज इच्छापोरच्या खोल्यांतून गंजामला, बलियाला, नंदुरबारला फोन जातात तेव्हा त्या टोकाला बसलेली बाई तीच असते. जेवलास का, हे विचारणारी.

आता परत नाक्यावर या. बसेस गेल्या आहेत, टपरीवर चहाचं दुसरं आधण चढलं आहे. बरोबर आणलेल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हाती आहे. जिंकून गाव आपलं होत नाही, मांडवात भांडूनही होत नाही. कोरियटसारखं त्याच्या मातीत जाऊनही कुणी आपोआप त्याचा होत नाही. गाव आपलं होतं ते तिथलं दुःख शेजाऱ्याबरोबर वाटून घेतल्यावर आणि पळून जाण्याची वाट मोकळी असताना थांबल्यावर. प्लेगनंतर परत आलेल्या त्या पोराचं सुरतेशी जे नातं आहे ते कुणी त्याच्याकडून काढून घेऊ शकत नाही. परातीत फोटो सोडवणाऱ्या बाईचंही नाही.

पण नातं आलं की जबाबदारी येते. खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबं वीस-वीस वर्षं इथं राहतात आणि मत मात्र गावाकडे ठेवतात. जमीन तिथं, भाऊबंद तिथं, म्हणून. हे समजण्यासारखं आहे. तरीही मी त्यांना कळकळीनं सांगेन: ज्या गटाराचं पाणी तुमच्या मोरीतून उलटं येतं, ते कुणी साफ करायचं हे इथलं मत ठरवतं. तुमची पोरं ज्या महापालिकेच्या मराठी शाळेत जातात, तिथं शिक्षक पुरेसे आहेत का, हे इथलं मत ठरवतं. जुलैत उकाईत किती पाणी ठेवायचं आणि ऑगस्टच्या लोंढ्यासाठी किती जागा मोकळी ठेवायची, हा प्रश्न विचारण्याचा हक्क धरणाखाली झोपणाऱ्या प्रत्येकाचा आहे. कानबाईचा नारळ ज्या नदीत सोडता, त्या नदीच्या काठावर भराव किती आत सरकले, याची चौकशी करणं हीही पूजाच आहे.

या श्रावणात रोट करायला बसाल तेव्हा भाऊबंदांबरोबर घरमालकिणीलाही बोलवा, गंजामच्या सोबत्यालाही बोलवा. आणि मतदार नोंदणीचं शिबिर लागलं की नाव इथं घाला.